मजुरी वेगळी, शाळा वेगळी

(शिरपूर येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले शब्द तसेच ठेवले आहेत.)



मला भाषण येत नाही. कविता येते थोडी, आणि कंटेनर खाली करता येतो बऱ्यापैकी. उरणच्या बाजूला एका यार्डात मी कंत्राटी हमाल आहे. शिकलो दहावीपर्यंत, ते इथंच, याच तालुक्यात. मला निरोप आला की शिक्षणावर बोल. मी शिष्यवृत्तीवर बोलणार आहे, आणि तीही कोळ्यांच्या पोरांच्या शिष्यवृत्तीवर. आता मागे बसलेला एक जण म्हणाला, "काय भो, दर्या कोठे शे आठे?" बरोबर आहे भाऊ तुझं. शिरपुरात दर्या नाही. पण सावळद्याच्या पुलाखालून जी तापी जाते ती सुरतेच्या पुढं डुमसला दर्यालाच मिळते. आणि फॉर्म मात्र सगळीकडे सारखेच असतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म ज्यानं भरलाय त्याला माझं बोलणं समजेल. इथं तो कोणी भरला नाही?

तर गोष्ट अशी. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. एकसष्ट दिवस. होड्या ओढून वर ठेवलेल्या, जाळी सुकत पडलेली. त्या दिवसांत कोळ्यांची पोरं आमच्या यार्डात रोजंदारीवर येतात. आमच्या टोळीत असाच एक दोस्त आहे. त्याचा बाप छोट्या होडीचा नाखवा, बहीण नववीत. आणि शाळा उघडते जूनच्या मध्यावर. म्हणजे घरात पैसा बंद होतो 1 तारखेला, आणि पंधरा दिवसांत वह्या, गणवेश, फी सगळं एकदम दारात. हे साधं गणित कुठल्याही योजनेच्या पुस्तकात मला दिसलं नाही. कोळीवाड्यातल्या प्रत्येक बाईला ते पाठ आहे.

अशा वेळी वाड्यात एका संस्थेची माणसं आली. नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. म्हणाली, मुलीला शिष्यवृत्ती देतो, दहावी होईपर्यंत. फॉर्म माझ्याकडे आला, कारण टोळीत माझं अक्षर बरं. मी वाचायला बसलो. मुलीनं महिन्यातले दोन शनिवार किनारा साफ करायचा. तिवरांची रोपं लावायची. घोषणेचा फलक हातात धरून फोटो द्यायचा. आणि खाली बापाची सही: मी बारीक आसाचं जाळं टाकणार नाही, तिवर तोडणार नाही, कासव सापडलं तर सोडून देईन, आणि यातलं काही मोडलं तर मुलीची शिष्यवृत्ती बंद होईल हे मला मान्य आहे.

नाखव्यानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. बिडी विझवली. म्हणाला, "बाला, या कागदावर बंदरवाल्यांची सही कुठं हाय?"

मला बोलता येईना. मी बंदराचाच माणूस. माझी भाकर त्या धक्क्यावरून येते.

दोस्तांनो, न्हावा शेवाचं बंदर 26 मे 1989 ला सुरू झालं. त्याच्यासाठी जुना शेवा कोळीवाडा उठवला. 256 कुटुंबं उरणला हनुमान कोळीवाड्यात आणून ठेवली, तात्पुरती म्हणून. त्या घरांना वाळवी लागली. तात्पुरत्याचे चाळीसच्या आसपास पावसाळे झाले, माणसं अजून पुनर्वसन मागतायत. खाडीत भराव पडला, होड्यांच्या वाटा अडल्या. 2015 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 1,630 मच्छिमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई द्या असा आदेश दिला. प्रकरण मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या पायऱ्या किती लांब असतात ते आपल्याला माहीत आहे. मी ज्या कंटेनरांत हात घालतो, त्यांतल्या काहींत गोठवलेली कोळंबी असते, परदेशी चाललेली. दार उघडलं की थंडीनं बोटं बधिर होतात. दर्यातला मासा वीजेवर बर्फात झोपून जगाची सफर करतो. ज्यानं तो धरला त्याच्या पोरीला नववीची फी नाही.

आता मी कोणाला फसवणार नाही. फॉर्ममधल्या अटी खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. मासा कमी झालाय. हे नाखवाच सांगतो, मला काय कळतंय दर्यातलं. बारीक आसात पिल्लं येतात, पिल्लं खाल्ली तर पुढल्या सालाला काय खाशील? सरकारनं 2023 साली 54 जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा धरायचा नाही. त्याच साली पापलेटला राज्यमासा केलं. ठीक आहे. मासा राज्याचा झाला, मासेमाराचं पोरगं कोणाचं ते अजून ठरायचंय. आणि नियम पाळायचं कोणी? पर्ससीन जाळ्यांवर 2016 पासून निर्बंध आहेत, दिवे लावून मासे ओढण्यावर केंद्राची 2017 पासून बंदी आहे. नाखवा म्हणतो रात्री दर्यात बघ, दिवाळी असते. त्या दिवेवाल्याच्या पोराची शाळा बंद होते का? त्याचं पोरगं तर कुठंतरी डोंगरावरच्या निवासी शाळेत घोड्यावर बसायला शिकत असेल.

तिवरांचंही तेच. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिवरं तोडायला बंदी घातली. चांगला आदेश होता, कोळ्यांनाही हवा होता. निवटी, चिंबोरी, कोळंबीची पिल्लं, सगळं त्या मुळांत वाढतं. मग डिसेंबर 2022 मध्ये त्याच न्यायालयानं बुलेट ट्रेनसाठी सुमारे 22 हजार तिवरं तोडायला परवानगी दिली. लोकहित म्हणून. आणि इकडं नववीतली पोरगी शनिवारी गुडघाभर चिखलात वीस रोपं लावून फोटो काढून घेते, तेव्हा कुठं तिला भूमितीचं पुस्तक मिळतं.

मी हे का बोलतोय? कारण त्या फॉर्मवर मला माझ्या बापाची सही दिसली.

माझा बाप गटारं साफ करायचा. कंत्राटावर. मी आठवीत असताना त्यानं ते सोडलं. बौद्ध माणूस, वस्तीतल्या पोरांनी मिटिंग घेतली, बाबासाहेबांचं नाव घेऊन सांगितलं की हे घाणीचं काम टाका. बापानं टाकलं, वीटभट्टीवर गेला. मजुरी कमी, पण मान ताठ. आणि मग शाळेतून शिष्यवृत्तीचा कागद आला. अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती. ही योजना केंद्र सरकारनं 1977-78 साली काढली, आधी फक्त वसतिगृहातल्या मुलांसाठी, मग 1991 पासून घरून येणाऱ्यांसाठीही. कागदाबरोबर दाखला लागायचा की बाप हे काम करतो. मी कचेरीत गेलो. बाबू म्हणाला, बाप काम करत नाही ना आता? मग दाखला कशाचा देऊ?

बघा हं. 1993 साली कायदा केला की माणसानं माणसाचा मैला उचलायचा नाही. 2013 ला आणखी कडक केला. आणि पोरानं शिकायचं असेल तर फॉर्म विचारतो, बाप अजून घाणीत आहे ना? घाणीतून बाहेर निघ म्हणणारं सरकार तेच, आणि बाहेर निघालास तर पोराचे पैसे बंद म्हणणारं सरकारही तेच.

माय म्हणाली, "तुना बाप आखो गटारमा उतरी, पन तू शाळा सोडू नको." आणि बाप उतरला. दोन वर्षं. माझ्या नववी-दहावीसाठी. शिष्यवृत्तीची रक्कम मी सांगत नाही, ऐकून तुम्हाला हसू येईल आणि मला रडू. ती दहावीच्या परीक्षेनंतर हातात आली. मी तिकिटाला वापरली. मुंबईच्या.

तेव्हापासून मी कुठलाही फॉर्म उलटा वाचतो. देणारा काय देतो ते नंतर. आधी बघायचं, आपल्याला कुठं बांधून ठेवतो.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीही अटीची शिष्यवृत्ती घेतली होती. घेतली होती. 4 जून 1913 ला बडोदा संस्थानाशी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. त्या पैशावर कोलंबिया झालं. सयाजीरावांचा तो मोठेपणा मी नाकारत नाही. पण अट पाळायला बाबासाहेब 1917 साली बडोद्याला गेले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशांच्या सरायीतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. म्हणजे शिकणाऱ्यानं अट पाळली. समाजावर मात्र कुठलीच अट नव्हती. पुढं 1944 साली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हा, अस्पृश्य विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिथं बापाच्या धंद्याचा दाखला नव्हता. तू शिकतोयस, तू दलित आहेस, घे. आज इथं बसलेले निम्मे तरी त्याच शिष्यवृत्तीच्या वारसदार योजनेवर कॉलेजात आहेत. पैसे वेळेवर येत नाहीत, महाडीबीटीच्या पोर्टलवर अर्ज महिनोन्महिने "अंडर स्क्रुटिनी" दाखवतो, ती लढाई वेगळी. पण ती हक्काची लढाई आहे. तिथं कोणी म्हणत नाही की आधी शनिवारी येऊन आमचं अंगण झाड.

आता माझं म्हणणं ऐका, मी हमाल आहे, हमालासारखं सांगतो. दर्या सांभाळणं हे काम आहे. काम असेल तर मजुरी द्या. आणि शाळा हा पोरीचा हक्क आहे, तो तिला तसाच द्या. दोन्ही एका फॉर्ममध्ये घालू नका. एका पाठीवर दोन गोणी टाकल्या की मुकादमाला फायदा, पाठीला नाही.

मजुरीचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डिसेंबर 2018 मध्ये वनखात्याच्या कांदळवन कक्षानं आणि मत्स्यखात्यानं एक गोष्ट सुरू केली. कासव, व्हेल शार्क असा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि कोळ्यानं जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याची भरपाई 25 हजार रुपयांपर्यंत. फोटो द्यायचा, अर्ज द्यायचा, पैसे घ्यायचे. माझा त्याला सलाम आहे. कारण त्यात कोळ्याला कोणी शहाणपण शिकवलं नाही. तुझं नुकसान झालं, हे घे. इथं पोरीची शाळा मध्ये आली नाही. म्हणून तर ते चाललं.

आणि बंदीच्या दिवसांचं काय? केंद्राची मत्स्यसंपदा योजना 2020 साली आली. त्यात बंदीच्या आणि मंदीच्या तीन महिन्यांसाठी 4,500 रुपये. त्यातले 1,500 कोळ्यानं स्वतः आधी भरायचे. म्हणजे सरकारचे 3,000. महिन्याला हजार. माशानं अंडी घालावी म्हणून बाप घरी बसतो, त्या बसण्याची ही किंमत. ती नीट दिली, जूनच्या पहिल्या आठवड्यात दिली, तर त्या पोरीला शनिवारी फलक धरावा लागणार नाही. नारळी पुनवेपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही हा नेम कोळ्यांनी कुठल्या कायद्यानं केला नव्हता. कायदा मागून आला.

दूरचं एक सांगतो. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वेझो नावाचे मच्छिमार आहेत. अंदावादुआका गावाच्या बाजूला 2004 साली त्यांनी ऑक्टोपस धरायची एक जागा काही महिने बंद ठेवून बघितली. उघडली तेव्हा मोठे ऑक्टोपस निघाले, मग आजूबाजूची गावं तसंच करू लागली. 2006 पर्यंत त्यातून गावांनी मिळून सांभाळायचं दर्याचं एक क्षेत्र उभं राहिलं, वेलोंद्रियाके. बाहेरची संस्था मदतीला होती, तिनं पोरांच्या शाळेलाही हातभार लावला. पण काय बंद ठेवायचं, किती दिवस, मोडलं तर दंड काय, हे गावानं बसून ठरवलं. ठरवणारा तोच, पाळणारा तोच. आपल्याकडं ठरवणारा वातानुकूलित खोलीत, पाळणारा चिखलात, आणि ओलीस शाळेत.

केरळात मच्छिमार म्हणून नोंद असली की मुलांना शिक्षणाच्या सवलती आहेत, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारीसुद्धा मत्स्यखातं करून घेतं. आपल्याकडं काय? मुंबईत वेसाव्याला कोळीवाड्याच्या शेजारी 1961 पासून देशाची मत्स्यशिक्षण संस्था उभी आहे. मी एकदा त्या रस्त्यानं गेलो. एका बाजूला बोंबील वाळत घातलेले, दुसऱ्या बाजूला फाटक. वाळत घालणाऱ्या बाईला विचारलं, मावशी, तुमच्यातलं कोण आत शिकतं? ती हसली आणि बोंबील उलटे करत राहिली. अलीकडं आपल्या राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानानं परदेशात सागरी विज्ञान शिकायला शिष्यवृत्ती काढली. चांगलं आहे, जाणाऱ्यानं जावं. पण जो पोरगा आठवीत शाळा सोडून खलाशी झाला त्याच्यापर्यंत ती कुठल्या होडीनं पोचणार? गळती लागते खाली, आणि डांबर लावतात शिडाला.

आता दुसरा प्रश्न. आपल्यातलेच काही विचारतात, कोळ्यांचं आपल्याला काय पडलंय? त्यांनी आपल्याला कधी जवळ केलं? खरं आहे. मी कोळीवाड्यात भाड्याची खोली मागितली तेव्हा आडनाव विचारलं गेलं. दोन दारं बंद झाली. मी विसरलेलो नाही, आणि दोस्ताच्या तोंडावर मी ते बोललोय. पण माझ्या बापाला ज्या कागदानं गटारात परत उतरवलं तोच कागद त्याच्या बापाच्या हातात बघून मी गप्प बसलो तर माझी कविता चुलीत घातलेली बरी.

आणि लांब कशाला जाता, आपल्या खानदेशात बघा. टोकरे कोळी. 1976 च्या कायद्यानं आदिवासींच्या यादीतली क्षेत्राची अट उठली, तरी जळगाव-धुळ्यात दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी पिढ्या झिजतायत. आजोबाच्या शाळेच्या नोंदीत नुसतं "कोळी" लिहिलं म्हणून नातू अडकतो. दाखला नाही तर वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही. काही खोटे दाखले निघाले हेही खरं, आणि त्याचा फटका खऱ्या आदिवासीला बसतो, मी त्यावर पडदा टाकत नाही. पण खरं-खोटं तपासायला पोराच्या शिक्षणाची सगळी वर्षं लागावीत? तापीवर भोई आहेत, धरणाच्या पाण्याचा ठेका पैसेवाला घेतो आणि भोई त्याच्याकडं मजूर. अनेर धरणाचं 1986 पासून अभयारण्य आहे, इथंच, आपल्या तालुक्यात. उद्या तिथं कोणी चांगल्या मनानं येईल आणि पावऱ्याच्या पोरीला म्हणेल, शिष्यवृत्ती घे, फक्त बापाला सांग जंगलात लाकडाला जाऊ नको. तेव्हा तुम्ही काय कराल? ते आज ठरवा, कारण फॉर्म येतो तेव्हा जून असतो आणि घरात पैसा नसतो.

एक गोष्ट लपवून ठेवली तर मी लबाड ठरेन. डहाणूजवळ वाढवणला नवं बंदर होतंय. केंद्रानं जून 2024 मध्ये मंजूर केलं, 76,220 कोटींचं. 1,448 हेक्टर दर्या भरून काढायचा आहे. तिथले मच्छिमार वर्षानुवर्षं विरोधात उभे आहेत. त्यांच्या पोरांना आता प्रशिक्षण देऊ, नोकरी देऊ अशी आश्वासनं चालली आहेत. आणि मी? मी बंदरावरचा हमाल. बंदर वाढलं तर माझ्या टोळीला काम. मी रात्री यार्डात झोपतो तेव्हा हा हिशेब जुळत नाही. माझ्या भाकरीखाली कोणाचा तरी दर्या आहे. युनियनच्या बैठकीत मी हे बोललो तर एक जण म्हणाला, तू कवी आहेस म्हणून तुला हे सुचतं. मी म्हटलं, मी गटारवाल्याचा पोरगा आहे म्हणून सुचतं.

त्या पोरीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही एक वेगळा कागद लिहिला. मी, दोस्त आणि नाखवा. त्यात लिहिलं की मुलीला शिष्यवृत्ती शाळेतल्या हजेरीवर द्या, बापाच्या जाळ्यावर नको. किनारा साफ करायचा तर वाड्यातल्या मोठ्या माणसांना रोज द्या, ती आनंदानं करतील. रोपं कुठं लावायची ते गावाला विचारा, कारण तुम्ही दाखवलेल्या जागेवर शिवल्या मिळतात, तिथं बाया भरतीपूर्वी जातात. आणि तोडलेल्या तिवरांचा हिशेब ज्यानं तोडली त्याच्याकडं मागा. कागद नेऊन दिला. बाईंनी शांतपणे वाचला, म्हणाल्या, मला पटतं, पण पैसे देणाऱ्यांचा नमुना ठरलेला आहे, मला बदलता येत नाही.

शाळा उघडायला चार दिवस होते. नाखव्यानं सही केली. मी त्याला दोष देत नाही. माझ्या बापानं हातात खराटा घेतला तेव्हा त्यालाही कोणी दोष दिला नव्हता. पोरगी आता दहावीत आहे, दोन शनिवार जाते. मागच्या महिन्यात मला म्हणाली, दादा, फलकावर काय लिहायचं ते तरी आम्हाला ठरवू देतील का? मी म्हटलं, विचार की. तिनं विचारलंय.

तर दोस्तांनो, उद्या सकाळी नऊ वाजता मी वसतिगृहाच्या ओट्यावर बसतो. परवाच्या गाडीनं मला परत जायचंय, पाळी बुडवून आलोय. ज्याच्याकडं जो फॉर्म आहे तो घेऊन या. सरकारी, संस्थेचा, कंपनीचा, कुठलाही. आपण मोठ्यानं वाचू, बारीक अक्षरातलं आधी. कार्बन आणि कोरे कागद मी आणलेत. जयभीम.